फ्रीझरमधला हीटर

दुकानातून नवाकोरा चेस्ट फ्रीझर आणायचा. आडवी पेटी, वरून उघडणारं झाकण, आणि आतला माल उणे १८ अंश सेल्सिअसला गोठवून ठेवण्याची कंपनीची हमी. घरी आणल्यावर बिजागऱ्यांचे स्क्रू काढून झाकण उतरवायचं. पेटी आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवायची. चौकटीला भोकं पाडून तोट्या लावायच्या. आत बिअरची पिंपं उभी करायची. आणि त्या दिवसापासून जिवाला एकच घोर लावून घ्यायचा: हा मेला फ्रीझर चुकून गोठवायला तर लागणार नाही?

अमेरिकेत या प्रकाराला कीझर म्हणतात. ऑरेगनपासून ओहायोपर्यंत, घरी बिअर बनवणाऱ्यांच्या गॅरेजमध्ये तो एका कोपऱ्यात गुरगुरत असतो. बिअरच्या पिंपासाठी बाजारात तयार फ्रिजही मिळतात. एक तोटी किंवा दोन तोट्या, खाली चाकं, वर चकचकीत नळकांडं. आणला, प्लग लावला, काम झालं. नेमकी हीच त्याची उणीव. काम झालं, तर शनिवार-रविवारी करायचं काय? कीझर बांधणारा गृहस्थ, सोयीसाठी त्याला कीझरकर म्हणू, आठवडाभर संगणकासमोर बसून डोळ्यांना न दिसणाऱ्या आणि हाताला न लागणाऱ्या वस्तू तयार करत असतो. त्याला लाकूड कापायचं असतं, पाना फिरवायचा असतो आणि संध्याकाळी बोटांना चिकटलेलं सिलिकॉन खरवडत "आज चार तोट्या बसवल्या" असं सांगायचं असतं. बिअर हे निमित्त. घरात अर्थातच तो असं बोलत नाही. घरात तो "पैसे वाचतील" असं म्हणतो.

या उद्योगाचं मूळ बाटल्या धुण्याच्या कंटाळ्यात आहे. घरगुती बिअरचा एक घाणा साधारण ५ गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा असतो. ३५५ मिलिलिटरच्या नेहमीच्या बाटल्यांत तो भरायचा, तर पन्नासच्या वर बाटल्या लागतात. त्या जमवायच्या, भिजत घालून लेबलं सोलायची, ब्रशने घासायच्या, निर्जंतुक करायच्या, एकेक भरायची, एकेकीला हाताने बूच दाबायचं आणि मग दोन-तीन आठवडे थांबायचं. या काळात आत घातलेली चिमूटभर साखर यीस्ट खातं आणि बिअरला फेस येण्यापुरता वायू तयार होतो. चिमूट मोठी झाली, तर मध्यरात्री कपाटातून स्फोटाचे आवाज येतात. अशा दोन-तीन हंगामांनंतर कोणाही शहाण्या माणसाच्या मनात विचार येतो, की पन्नास भांडी धुण्यापेक्षा एकच मोठं भांडं का धुऊ नये? कीझरचा जन्म इथे होतो. तोवर तो अगदी समंजस विचार असतो.

घरी बिअर करणं कायदेशीर व्हायलाच मुळात अमेरिकेत फार वेळ लागला. १९३३ साली देशातली दारूबंदी उठली, घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, बिअरला मात्र नाही. ती मिळायला जिमी कार्टर यावे लागले. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांनी एका विधेयकावर सही केली. विधेयक होतं ट्रक, बस आणि ट्रॅक्टर यांच्यावरच्या करासंबंधीचं. सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी त्यातच घरगुती बिअरची दुरुस्ती बसवून दिली होती. १ फेब्रुवारी १९७९ पासून ती लागू झाली. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन. म्हणजे वर्षाला साडेसातशे लिटर, दिवसाला दोन लिटर. लग्न केल्याने कोटा दुप्पट होतो असे कायदे जगात फार नसतील.

कार्टर स्वतः श्रद्धाळू बॅप्टिस्ट. त्यांच्या काळात व्हाइट हाउसच्या मेजवान्यांत कडक मद्य दिलं जात नसे. धाकटे बंधू बिली मात्र बिअरचे जाहीर भक्त. १९७७ साली त्यांच्या नावाची 'बिली बिअर' बाजारात आली आणि वर्षभरात आटोपलीसुद्धा. धाकट्याची बिअर कोणी घेईना, तेव्हा थोरल्याने अख्ख्या देशाला आपापली बनवायची परवानगी देऊन टाकली. तरीही राज्यांचे कायदे वेगळेच राहिले. अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ साली. त्याच्या आदल्या वर्षी ओबामांच्या व्हाइट हाउसने आपल्या स्वयंपाकघरात केलेल्या मधाच्या बिअरची कृती जाहीर केली होती. म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या घरची कृती मिसिसिपीत करून पाहणं हा तेव्हा गुन्हा होता.

पिंपं पुरवली ती कोला कंपन्यांनी, अर्थात नकळत. पूर्वी हॉटेलांतल्या सोड्याच्या यंत्रांसाठी कोलाचा पाक स्टेनलेस स्टीलच्या उंच, सडपातळ पिंपांतून यायचा. मिनेसोटातल्या कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून या पिंपांना सगळे 'कॉर्नी' म्हणतात. पुढे हा पाक खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून यायला लागला आणि पिंपं भंगारात निघाली. ५ गॅलनचं पिंप आणि ५ गॅलनचा घाणा! घरगुती बिअरवाल्यांनी भंगारवाल्यांची दारं ठोठावली. पण पेप्सीच्या पिंपांची जोडणी 'बॉल लॉक'ची आणि कोकच्या पिंपांची 'पिन लॉक'ची. एकाची नळी दुसऱ्याला लागत नाही. दोन कंपन्यांचं भांडण अशा रीतीने बिअरमध्ये उतरलं, आणि आजही एखादा कीझरकर दुसऱ्याला भेटला की नाव-गाव विचारण्याआधी "बॉल की पिन?" असं विचारतो. जुनं पिंप घेतलं तर त्यातली रबरी वायसरं आधी बदलावी लागतात. रबरात मुरलेला पाकाचा वास कितीही धुतला तरी जात नाही आणि मेहनतीने केलेल्या बिअरला कफ सिरपच्या जवळपासची चव येते.

मग फ्रीझरची खरेदी. उभा फ्रिज उघडला की थंड हवा पायाशी सांडते. वरून उघडणाऱ्या पेटीत ती जड असल्यामुळे तळाशीच बसून राहते. शिवाय त्याच पैशात जागा जास्त मिळते. कीझरकर दुकानात जातो तो खिशात टेप आणि काखेत पुठ्ठ्याच्या चकत्या घेऊन. पिंपाचा व्यास साडेआठ-नऊ इंच, त्या मापाच्या. फ्रीझरचं झाकण उघडून तो चकत्या तळाला मांडतो, हलवतो, पुन्हा मांडतो. कोपऱ्यात कॉम्प्रेसरची पायरी असते, तिच्यावर वायूचा सिलिंडर बसेल का हे पाहतो. विक्रेता अदबीने विचारतो, "किती मांस साठवायचं आहे?" कीझरकर म्हणतो, "तसं काही नाही." विक्रेता दोन पावलं मागे सरकतो.

आता लाकडी चौकट कशासाठी? सरळ फ्रीझरच्या भिंतीलाच भोक पाडून तोटी लावली तर? न लावण्याचं कारण असं, की चेस्ट फ्रीझरच्या पत्र्याआड शीतद्रव्याच्या नळ्या भिंतीभर फिरवलेल्या असतात आणि बाहेरून त्यांचा पत्ता लागत नाही. ड्रिलचं टोक एकीत घुसलं की फुस्स असा आवाज येतो आणि फ्रीझरचं कपाट होतं. अलीकडच्या बऱ्याच फ्रीझरांत शीतद्रव्य म्हणून आयसोब्युटेन असतो. तो ज्वालाग्राही, म्हणजे कपाट झालं एवढ्यावर भागलं तर नशीब समजायचं. छोट्या फ्रिजला भोक पाडणारे काही धाडसी लोक कॉर्नफ्लॉवर अल्कोहोलमध्ये कालवून पत्र्यावर सारवतात आणि फ्रिज चालू करतात. जिथे गरम नळी असेल तिथला लेप आधी वाळतो आणि नकाशा उमटतो. चेस्ट फ्रीझरवाले मात्र भिंतीच्या वाटेला जात नाहीत. ते झाकण सहा-आठ इंच वर उचलतात, मध्ये फळ्यांची चौकट घालतात आणि तिला खुशाल भोकं पाडतात.

ही चौकट पेटीला चिकटवायची की झाकणाला, यावर कीझरकरांत दोन पंथ आहेत. पेटीला चिकटवली तर तोट्या जागच्या जागी राहतात, पण भरलेलं पिंप आत ठेवताना तेवढं जास्त उंच उचलावं लागतं. पिंप रिकामं चार किलोचं, भरलेलं तेवीस-चोवीस किलोचं. ते छातीपर्यंत उचलायचं आणि मग कमरेत वाकून हळूच तळाला टेकवायचं. चौकट झाकणाला चिकटवली तर कंबर वाचते, पण झाकण उघडताना तोट्या, नळ्या, फळ्या सगळं वर उचललं जातं आणि त्या वजनाने बिजागऱ्या कुरकुरायला लागतात. पहिल्या पंथातले चाळिशीनंतर दुसऱ्यात जातात. उलट दिशेने गेलेला कोणी आढळत नाही.

आणि आता मुख्य संकट. फ्रीझरला आपल्या कामाचा अभिमान असतो. त्याला उणे १८ अंश माहीत. बिअर प्यायची असते अधिक ३-४ अंशांना, आणि पाच टक्के अल्कोहोलची बिअर उणे दोन-तीनच्या सुमारास गोठायला लागते. फ्रीझरचं स्वतःचं बटण कितीही कमी केलं तरी तो अधिक तीनवर थांबत नाही. त्याला ते कमीपणाचं वाटत असावं. म्हणून भिंतीतलं सॉकेट आणि फ्रीझरचा प्लग यांच्यामध्ये तापमान नियंत्रक नावाची डबी बसवतात. तिची एक वायर फ्रीझरच्या आत जाते आणि टोकावरच्या कांडीने थंडी मोजते. तीन अंश झाले की डबी वीज तोडते. फ्रीझर जरा कुठे रंगात येतोय, तोच त्याचं तोंड बंद. पाच अंशांवर चढलं की पुन्हा वीज. गोठवण्यासाठी घेतलेल्या यंत्राने गोठवू नये म्हणून दुसरं यंत्र पहाऱ्याला बसवायचं, ही या सगळ्या कारभाराची पायाभरणी.

पण पहारेकऱ्यालाही सांभाळावं लागतं. कांडी नुसती हवेत लोंबत ठेवली तर झाकण उघडल्याबरोबर तिला उकडतं, ती वीज सोडते, मिनिटात हवा गार होते, ती वीज तोडते. दिवसातून शंभरदा असं झालं तर कॉम्प्रेसर लवकरच राम म्हणतो. म्हणून कांडी पिंपाच्या पोटाला टेपने चिकटवतात किंवा पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवतात. शिवाय डबीत अशी सोय असते, की एकदा बंद पडल्यावर काही मिनिटं गेल्याशिवाय कॉम्प्रेसर चालू करायचा नाही. कीझरकर पहिले काही दिवस डबीवरचे आकडे पाहायला गॅरेजमध्ये जातो, परत येतो, पुन्हा जातो. घरच्यांना वाटतं, पितोय. तो फक्त वाचत असतो.

आता वायू. कार्बन डायऑक्साइडचा ५ पौंडी सिलिंडर, आत साध्या खोलीच्या तापमानाला आठशे पीएसआयच्या वर दाब, आणि बिअरला हवा असतो फक्त दहा-बारा. तो उतरवायला रेग्युलेटर. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी १८०३ साली नियम मांडला, की द्रवात किती वायू विरघळेल हे वायूच्या दाबावर अवलंबून असतं. द्रव जितका थंड तितका वायू जास्त सामावतो, हीही त्याचीच पुढची गोष्ट. म्हणजे ३ अंशांची बिअर १२ पीएसआयला जोडून ठेवली, की आठ-दहा दिवसांत तिच्यात हवा तेवढा वायू आपोआप मुरतो. माणसाने काहीही करायचं नसतं, आणि नेमकं तेच कीझरकराला जमत नाही. दुसऱ्याच दिवशी तो दाब तिसावर नेतो, खुर्चीत बसून पिंप मांडीवर आडवं घेतो आणि पाऊण तास मागे-पुढे झुलवतो. हलवल्याने वायू लवकर विरघळतो, यात शास्त्रीयदृष्ट्या काही चूक नाही. बायको धुतलेले कपडे घेऊन गॅरेजमधून जाते, क्षणभर थांबते आणि काही न विचारता पुढे जाते.

मुरलेला वायू ग्लासात पोहोचेपर्यंत बिअरमध्येच राहिला पाहिजे. पिंपात १२ पीएसआय, तोटीबाहेर शून्य. मधली नळी आखूड असेल तर बिअर इतक्या जोरात येते, की ग्लासात निव्वळ फेस. उपाय म्हणून आतून ३/१६ इंच व्यासाची, दहा-दहा फूट लांब नळी लावतात, म्हणजे घर्षणाने दाब वाटेतच जिरतो. बारमध्ये सेकंदाला दोन औंस, म्हणजे १६ औंसांचा पाइंट आठ सेकंदांत, ही चांगली धार समजतात. पिंपापासून तोटीपर्यंतचं अंतर दोन फूट आणि नळी दहा फूट! उरलेली आठ फूट वेटोळी करून पिंपाच्या डोक्यावर ठेवतात. चार तोट्या असल्या तर झाकण उघडल्यावर आधी नळ्याच दिसतात, पिंपं शोधावी लागतात.

एवढं करूनही पहिला ग्लास फेसाळतोच, कारण तोटी असते बाहेरच्या उन्हाळ्यात, आणि गरम धातूला लागताच बिअर वायू सोडते. त्यामुळे कीझरकर पाहुण्यांसमोर पहिला ग्लास स्वतःसाठी भरतो. पाहुण्यांना तो अगोचरपणा वाटतो. खरं तर तो हेन्री यांच्या नियमाचा आदर करत असतो.

आतली हवाही एकसारखी नसते. तळाला तीन अंश तर वर चौकटीशी आठ-दहा. ती ढवळायला जुन्या संगणकातला छोटा पंखा बसवतात. त्याने प्रश्न सुटतो आणि पुढचा उभा राहतो. शून्याखाली असताना जी वाफ भिंतीवर बर्फ होऊन गप बसायची, ती आता पाणी होऊन तळात साठते आणि कडेने काळी बुरशी धरते. मग ओल शोषणारी डबी आणायची. ती ओली झाली की वाळवायची. तोवर सिलिंडर हलका लागायला लागतो. पाच-सहा पिंपांना पुरायला हवा तो वायू एका रात्रीत संपला, म्हणजे कुठेतरी गळती आहे. मग साबणाचं पाणी करून प्रत्येक सांध्याला ब्रशने लावायचं आणि बुडबुडा येतो का पाहत बसायचं. वायू जास्त असेल तर ते गॅरेजचं दार उघडून करावं, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि बंद जागेत जिवावर बेततो. वाकून फ्रीझरमध्ये डोकं घालणाऱ्याने तर हे फारच ध्यानात ठेवावं.

आणि धुणं? ज्याला कंटाळून हा सगळा संसार मांडला, ते धुणं कुठे गेलं? कुठेही गेलं नाही. अमेरिकेतल्या बिअर उत्पादकांची संघटना सांगते, की बिअरच्या नळ्या दर दोन आठवड्यांनी अल्कलीच्या पाण्याने धुवाव्यात. चार तोट्या, चाळीस फूट नळी. शिवाय तोट्या खोलून साफ करायच्या, पिंपं घासायची, वायसरांना वंगण लावायचं. पूर्वी बाटल्या धुताना निदान बाटली हातात घेऊन आरपार बघता यायचं.

तरीही कीझरकराला कोणी "फ्रीझरचा काय हा दुरुपयोग" असं म्हणालं, तर त्याने मान खाली घालायचं कारण नाही. फ्रीझरचं माहेर बिअरच्याच घरी आहे. बव्हेरियात १५५३ सालच्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायलाच बंदी होती, कारण उन्हाळ्यात ती नासायची. पुढे तीनशे वर्षं लोक हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरांत साठवत राहिले. १८७० च्या दशकात म्युनिकच्या तंत्रशाळेतले प्राध्यापक कार्ल लिंडे यांनी थंडी तयार करणारं यंत्र आखलं, तेव्हा पैसा आणि जागा घेऊन पुढे आले ते बिअरवाले. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत त्यांचं यंत्र चाललं. १८७९ साली लिंडे यांनी कंपनी काढली तीही ब्रुअरी मालकांना सोबत घेऊन. मटार, मासे, आइस्क्रीम ही मंडळी या घरात मागाहून आली आणि फ्रीझर आपल्यासाठीच जन्माला आला असं समजून बसली.

अमेरिकेतल्या मराठी घरांत ही समजूत विशेष घट्ट आहे. न्यू जर्सीत किंवा बे एरियात गॅरेजमधला चेस्ट फ्रीझर म्हणजे खवलेला नारळ, शेवग्याच्या शेंगा, सुरमईच्या तुकड्या आणि भाद्रपदासाठी आधीच करून ठेवलेले मोदक. तिथे एखाद्या कीझरकराने विषय काढला, की संवाद साधारण असा होतो:

"तो तसाही अर्धा रिकामाच असतो."

"रिकामा नाहीये. ती गणपतीची जागा आहे."

शेवटी दुसरा फ्रीझर येतो. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई तोट्यांकडे बघून "पाण्याची सोय छान केलीस हो" म्हणतात, आणि मुलगा "हो" म्हणतो. गळती शोधताना मात्र त्यांचा उपयोग होतो. गॅस सिलिंडरच्या तोंडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघण्यात त्यांची हयात गेलेली असते. जो सांधा मुलाला दोन तास सापडला नाही, तो त्या चष्मा न लावता दाखवतात. चार दिवसांनी झाकण उघडलं तर पिंपांच्या मधल्या फटींत कोथिंबिरीच्या जुड्या. "अरे, इथे फार छान राहते. त्या तुमच्या फ्रिजमध्ये काळी पडते." तीन अंश तापमान आणि भरपूर ओल हे कोथिंबिरीला खरोखरच मानवतं, त्यामुळे वाद घालायला जागा उरत नाही.

कोथरूडला किंवा ठाण्याला हा खेळ मांडता येत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे आणि ते पिण्यासाठीही परवाना लागतो. ताजी बिअर हवी तर मायक्रोब्रुअरीत जायचं. पुण्यात २००९ साली 'डूलाली' सुरू झाली, तेव्हापासून ती सोय आहे. तिथे नळ्या दुसरं कोणीतरी धुतं, हे सुट्टीवर आलेल्या कीझरकराला बघवत नाही. तो काउंटरवर वाकून तोटीमागची जोडणी बघायचा प्रयत्न करतो.

या सगळ्या कारभाराचा कळस पाहायचा असेल तर हिवाळ्यात उत्तरेला जावं. मिनेसोटात जानेवारीत रात्रीचं तापमान उणे वीसच्या खाली जातं, आणि गॅरेजला काही घराइतकी ऊब नसते. फ्रीझर बंदच असतो. डबी त्याला वीज देत नाही, कारण द्यायचं काही कारणच नाही. आणि आत, चालू न झालेल्या फ्रीझरमध्ये, बिअर गोठायला लागते. ज्या संकटासाठी पहारा बसवला होता, ते पहारेकऱ्याच्या मागच्या दाराने आलेलं असतं. पण डबी बनवणाऱ्यांनी याचाही विचार केलेला असतो. तिला दोन सॉकेट असतात. एक थंड करण्यासाठी, एक गरम करण्यासाठी. दुसऱ्यात लोक जे काही लावतात त्याला तोड नाही: रंगाच्या रिकाम्या डब्यात बसवलेला बल्ब, रोपं उगवायला मिळते ती गरम चटई, पाळलेल्या सरड्यांना ऊब देणारा हीटर. फ्रीझरच्या जाड भिंती थंडी आत कोंडतात तशीच ऊबही कोंडतात, त्यांना भेदभाव ठाऊक नाही. बाहेर बर्फ पडतोय, आणि आत जगातल्या सगळ्यात उबदार फ्रीझरमध्ये चार पिंपं तीन अंशांवर निवांत आहेत.

चार पिंपं म्हणजे ७६ लिटर. घरातले मोठे दोघं, त्यांतली एक पीत नाही. हा हिशेब कीझरकराने फ्रीझर घेताना केलेला नसतो, कारण तेव्हा तो पुठ्ठ्याच्या चकत्या मांडत असतो. बिअर संपत नाही आणि पिंप रिकामं झाल्याशिवाय त्याची नळी-तोटी बदलायला निमित्त मिळत नाही. तिसऱ्या तोटीखाली थेंब गळतोय, हात शिवशिवताहेत आणि वर बारा लिटर स्टाउट, म्हणजे काळी बिअर, शिल्लक आहे. तशात स्टाउटला म्हणे नायट्रोजन हवा. गिनेस कंपनीतले गणितज्ञ मायकल ॲश यांनी १९५९ साली तो मऊ साय धरणारा फेस जमवला तेव्हापासून ही नवी चाल पडली. त्याला वेगळा सिलिंडर, वेगळी तोटी, तीसच्या वर दाब. मुलांसाठी एका पिंपात रूट बिअर, म्हणजे बिनदारूचं गोड पेय, भरावी तर ती नळी आयुष्यभर रूट बिअरचीच राहते, तिच्यातून दुसरं काही आलं तरी वास तोच. चौथ्या पिंपात बायकोच्या सांगण्यावरून साधा सोडा असतो. १७६७ साली लीड्सला बिऱ्हाड केलेले जोसेफ प्रीस्टली हे धर्मोपदेशक शेजारच्या ब्रुअरीतल्या आंबवणाच्या हौदांवर पाण्याचं भांडं धरून सोडावॉटर कसं करता येईल याचे प्रयोग करत होते, आणि १७७२ साली त्यांनी त्याची कृती छापली. म्हणजे या घरात सोड्याचाही हक्क जुनाच.

गळणारी तोटी मोकळी व्हावी म्हणून कीझरकर शनिवारी चार जोडप्यांना बोलावतो. खडूने फळ्यावर नावं लिहितो, ग्लास धुतो, पहिला फेस स्वतः घेतो. पहिला पाहुणा म्हणतो, परतताना गाडी चालवायची आहे. दुसऱ्याच्या डॉक्टरांनी महिनाभर बंद सांगितलंय. तिसऱ्याची संकष्टी. चौथा विचारतो, "या लाकडाला पॉलिश कोणतं मारलंस?" आणि उरलेली संध्याकाळ तो फ्रीझरखाली टॉर्च धरून आडवा असतो. रात्री अकराला पाहुणे जातात तेव्हा सोड्याचं पिंप ठणठणीत रिकामं आणि स्टाउट आहे तिथेच. सोडा आज जरा कमी झणझणीत होता, असं तिघा-चौघांनी जाता जाता सांगितलेलं असतं. सोड्याला बिअरपेक्षा दुप्पट-तिप्पट दाब लागतो, म्हणजे त्याला स्वतंत्र रेग्युलेटर आणि आणखी लांब नळी हवी. बायको ग्लास विसळत असताना कीझरकर टेप घेऊन गॅरेजकडे निघालेला असतो.